भाऊंनी माइकवरून सांगितलं

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या स्वयंपाकघरात कणीक मळत होते. हात पिठाचे, म्हणून फोन करंगळीने स्पीकरवर टाकला. पलीकडे अंकिता होती, माझी जुनी विद्यार्थिनी. "मॅडम, हरेश्वरभाऊ गेले. सकाळी वाडीत केळींना पाणी लावत होते, अटॅक आला." माणूस गेल्याचं कळल्यावर चार माणसं जे बोलतात त्यातलं काही म्हणजे काहीही न बोलता मी विचारलं, "नक्की अटॅकच ना?" अंकिता म्हणाली, "हो मॅडम. ह्या वेळी खरंच अटॅक. मी हॉस्पिटलमध्येच आहे, डॉक्टरांशी बोलले." मला माझीच लाज वाटली. पण अंकिताला माझ्या प्रश्नाचा राग आला नाही, कारण तो प्रश्न माझ्या तोंडातून का निघाला हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. ते आता तुम्हालाही सांगते. दीड महिना झालाय, रडून झालंय, आता नीट सांगता येईल असं वाटतं.

हरेश्वरभाऊ म्हणजे गिरीजच्या पलीकडच्या एका गावातले क्रिकेटचे कॉमेंटेटर. गावाचं नाव लिहीत नाही. भाऊंनी खुशाल लिहू दिलं असतं, गावाचं मी सांगू शकत नाही. नोकरी पाणी खात्यात व्हॉल्व्हमनची, म्हणजे कुठल्या गल्लीचं पाणी कधी सोडायचं आणि कधी बंद करायचं ते भाऊंच्या हातात, आणि त्यामुळे सगळ्या गल्ल्यांच्या शिव्या खायची त्यांना सवय. निवृत्त झाल्यावर घरामागची केळी-अळूची छोटी वाडी. पण माणूस ओळखला जायचा माइकमुळे. भात कापून झालं की ह्या पट्ट्यातली शेतं मैदानं होतात, टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात, त्या थेट पाऊस पडेपर्यंत. मंडपात एक टेबल, टेबलावर पाण्याची बाटली आणि त्यामागे टोपी घातलेले भाऊ. घरी बोलताना ते वाडीतल्या माणसासारखं बोलत, माइक हातात आला की भाषा एकदम इस्त्री केलेली. "गोलंदाज निघालेत, गोलंदाजांचं पोटही निघालंय, बघू या आधी कोण पोचतं." "क्षेत्ररक्षक असे उभे आहेत, जसा पहिल्या दिवाळीला जावई." ज्याची चेष्टा व्हायची तोच सगळ्यात जास्त दात काढायचा. भाऊंनी मॅचभर आपलं नाव घेतलं नाही म्हणून रुसलेली पोरं मी स्वतः पाहिली आहेत.

मी मूळची सांगलीकडची. लग्न होऊन वसईत आले, इथल्या एका कॉलेजात भूगोल शिकवते आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघते. ते मी हौसेने घेतलेलं नाही, दुसरं कोणी घेईना म्हणून माझ्या गळ्यात पडलं. स्वभावाने मी तिरसट आहे, हे माझे विद्यार्थी माझ्यामागे म्हणतात आणि मी समोर म्हणते. दरवर्षी सात दिवसांचं शिबिर घ्यायचं, झाडं लावायची, फोटो काढायचे, अहवाल पाठवायचा. भाऊ भेटले त्या वर्षीही माझा तोच बेत होता. तेव्हा दुसऱ्या वर्षाला असलेली, तुळिंजहून रोज दोन रिक्षा बदलून येणारी अंकिता बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, झाडं आपण दरवर्षी लावतो, आणि दरवर्षी त्याच खड्ड्यात लावतो. ह्या वर्षी दुसरं करू." तिच्या बाकावरची तिची मैत्रीण परीक्षेनंतरच्या सुट्टीत गेली होती. आपल्या हाताने गेली होती. कॉलेजने दोन मिनिटं शांतता पाळली होती आणि तिसऱ्या मिनिटाला तास सुरू केले होते, त्यात माझाही एक तास होता. अंकिता म्हणाली, "तरुण मुलं अशी का जातात, आणि जाऊ नयेत म्हणून काय करायचं, ते आपण गावात जाऊन बोलू." मी म्हणाले, "अगं, ह्या विषयावर बोललं की नको ते डोक्यात शिरतं पोरांच्या." तिने शांतपणे सांगितलं की सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंना ती आधीच भेटून आली आहे, आणि खरं नेमकं उलटं आहे. विचारलं म्हणून विचार येत नाही, आधीपासून असलेला विचार विचारल्यावर बोलला जातो. वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला एकोणीस वर्षांच्या मुलीने असं गप्प केलं.

शिबिर भाऊंच्या गावातल्या शाळेत लागलं. पहिल्या दिवशी मुलं दोघादोघांनी घरोघर गेली, हातात फॉर्म. आमची अक्कल बघा, फॉर्ममध्ये चौथाच प्रश्न, घरात किंवा नात्यात कोणी आत्महत्या केली आहे का. वाडीतली माणसं आदबशीर. प्रत्येक घरात मुलांना चहा मिळाला, केळी मिळाली, आणि प्रत्येक घरात एकच उत्तर मिळालं, "आमच्या गावात तसलं काय नाय." एका घरी तर चौथ्या प्रश्नापर्यंत पोचायचीही वेळ आली नाही. अंकिताने पहिलाच प्रश्न विचारला, घरात माणसं किती. दारातली बाई म्हणाली, "दोन. तीन होतो. पोराला अटॅक आलता." आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात मुलांनी फॉर्म एकत्र केले तेव्हा लक्षात आलं की हे उत्तर एकाच घरातलं नाही. कुठे पुतण्याला अटॅक आला होता, कुठे भाचीला. वयं कोवळी. मी आपली माझ्या जिभेला सवय तशी म्हणाले, "ह्या गावातल्या तरण्या पोरांचीच काळजं एवढी कच्ची कशी काय?" मुलं हसली नाहीत. ती माझ्या पाठीमागे बघत होती. मागे भाऊ उभे होते, केळीचा एक घड घेऊन, शिबिराच्या पोरांसाठी. त्यांनी ऐकलं होतं. घड खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, "मॅडम, उद्या मॅच हाय. नाटक-बिटक करायचं असेल तर जेवनाच्या सुट्टीत करा. माणसं आयती मिळतील." अंकिताने माझ्या कानात सांगितलं की दार लावून घेतलेली ती बाई म्हणजे ह्यांचीच बायको.

दुसऱ्या दिवशीचं पथनाट्य म्हणजे... काय सांगू. एक पोरगा काळी चादर पांघरून "निराशा" झाला होता. निराशेने प्रवेश करताना चादर चपलेखाली आली आणि निराशा तोंडावर आपटली. पब्लिक खदखदून हसलं. त्यात भाऊंचा माइक चालू. सवयीचा गुलाम माणूस, तोंडातून गेलंच, "आणि निराशा पहिल्याच चेंडूवर घसरलेली आहे, निराशेला धावपट्टीचा अंदाज आलेला नाही." मग काय विचारता, मैदान डोक्यावर घेतलं पोरांनी. माझ्या मुलांनी कसंबसं नाटक उरकलं. अंकिता तरातरा मंडपात गेली. मी मागून धावले, कारण मला वाटलं ही आता म्हाताऱ्या माणसाला काहीतरी बोलणार. ती बोललीच. "भाऊ, तुम्ही आमची चेष्टा केलीत. ह्या विषयाची चेष्टा केलीत."  भाऊंचा चेहरा असा उतरला की अंकिताचाही आवाज खाली आला. म्हणाले, "हो बाय. चेष्टा केली... परत केली." माइक बंद केला, टेबलावर आडवा ठेवला आणि मैदानातून चालू लागले. स्पर्धा भरवणारी मंडळी म्हणाली, तीस वर्षांत भाऊ मॅच अर्धी टाकून गेले नव्हते.

दिवस मावळायच्या आत ते शाळेत आले. बाकावर बसले, माझ्या भूगोलाच्या वर्गात मुलं बसतात तसे, शिबिराच्या सतरा मुलांच्या मध्ये, आणि सांगितलं. त्यांचा मुलगा सुजित, डावखुरा फलंदाज. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी गावात मॅच होती. सुजित नापास झाला होता. निकाल घेऊन तो सरळ मैदानात आला, कारण त्याची टीम खेळत होती. भाऊंनी मुलाचा चेहरा पाहिला आणि त्यांना वाटलं की पोराचा ताण हलका करावा. त्यांना हलकं करायची एकच रीत येत होती. माइकवर म्हणाले, "आत्ताच हाती आलेल्या वृत्तानुसार, बारावीच्या सामन्यात आमचे चिरंजीव शून्यावर त्रिफळाचीत." सगळं मैदान हसलं. "तो पन हसला, मॅडम. सीमारेषेवर उभा होता, हात वर केला माझ्याकडे बघून. मला वाटलं, झालं, गेला ताण." चौथ्या दिवशी सुजित गेला. बायको म्हणाली, अटॅक सांगायचं. भाऊंनी अटॅक सांगितलं. गावाने ऐकून घेतलं, कारण गावाची तशी रीत पडून गेली होती, आणि एकाने दुसऱ्याला कधी खोटं पाडायचं नाही हाही त्या रीतीचाच भाग.

समुपदेशक ताईंनी पुढे त्यांना कितीदा समजावलं असेल. एका वाक्याने कोणी जात नाही भाऊ, आत बरंच काही साठलेलं असतं, दिसत नाही, तुम्हाला दिसलं नाही म्हणजे तुम्ही मारलंत असं होत नाही. भाऊ मान डोलवायचे. पटलं की नाही ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या संध्याकाळी मात्र त्यांना एकच हवं होतं. "ज्या माइकवर बोललो त्याच माइकवर मला खरं सांगायचंय. पन मंदा नाय म्हनते. म्हनते, मेलेल्या पोराला परत मारू नका." मी आगाऊ बाई. मी लगेच म्हणाले, "भाऊ, उद्याच बोला, वहिनींना मी समजावते." अंकिताने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच विद्यार्थिनी आहे. ती म्हणाली, "नाही मॅडम. काकी हो म्हणेपर्यंत नाही. मुलगा त्यांचाही आहे."

हो यायला पुरं एक वर्ष गेलं. त्या वर्षात मी जे पाहिलं त्याने मी थक्क झाले, आणि मी सहजासहजी थक्क होणारी बाई नाही. भाऊ आमच्या मुलांबरोबर फिरू लागले. शनिवारी दुपारी मुलं कुठल्या ना कुठल्या गावात जायची. काळी चादर कायमची घडी घालून ठेवली होती, फॉर्म रद्दीत गेले होते. आता मुलं नुसती गप्पा मारायला बसायची, वाडीत, पारावर, चर्चच्या अंगणात. भाऊ स्पीकर उचलायचे, वायर जोडायचे, माइकची चाचणी "हॅलो हॅलो" करून द्यायचे आणि मागे जाऊन बसायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. ताईंनी दवाखान्यात मुलांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, तिथेही हे साठीचे गृहस्थ पहिल्या बाकावर, क्रिकेटच्या स्कोअरबुकात टिपणं घेत. ते पान मी पाहिलंय. धावांच्या रकान्यात लिहिलं होतं, "सरळ विचारायचं. घाबरायचं नाय. एकटं सोडायचं नाय. आपन डॉक्टर नाय, डॉक्टरकडे न्यायचं." आणि खाली, विकेटच्या रकान्यात, "सल्ला देऊ नको, हरेश्वर. ऐक."

मंदावहिनींचं काय, तर त्या आम्हाला चहा द्यायच्या. चहा उत्तम. बोलणं बेतास बात. मुलाबद्दल बोलावंच लागलं तर "पोरगा" म्हणायच्या. त्यांच्या तोंडून सुजित हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं, भाऊ म्हणाले, त्यांनीही त्या दिवसापासून ऐकलेलं नाही. नाव घेतलं की पुढचं सगळं येतं, म्हणून त्यांनी नावालाच कुलूप घातलं होतं. अंकिता कधी त्यांना काही समजवायला गेली नाही. ती त्यांच्याबरोबर अळूच्या जुड्या बांधत बसायची. वर्षभर ही पोरगी अळूच्या जुड्या बांधत होती, विषय न काढता. मला तर दुसऱ्या जुडीला विषय काढल्याशिवाय राहवलं नसतं.

पुढच्या वर्षी गावच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी भाऊ टोपी शोधत होते. वहिनी पाठमोऱ्या, विळीवर नारळ खवत बसल्या होत्या. तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "आज बोलायचं तर बोला. पन शून्य म्हनू नका. सगळ्या विषयात पास होता तो. इंग्लिशमध्ये सहा मार्क कमी पडले. सांगायचं तर सगळं खरं सांगा." हे भाऊंनीच मला सांगितलं. ते म्हणाले, "इतकी वर्षं तिला ह्याचाच राग होता, मॅडम. मी त्याला शून्य म्हटलं ह्याचा. आनि मला वाटत होतं ती अब्रूला घाबरते."

त्या दुपारी मी मैदानात होते. दुसऱ्या डावातले अकराच चेंडू उरले होते, सामना रंगात, आणि भाऊ माइकवर म्हणाले, "पंच, दोन मिनिटं खेळ थांबवा." लोकांना वाटलं कोणाचा तरी सत्कार. भाऊ उभे राहिले. इस्त्रीची भाषा त्या दिवशी त्यांनी वापरली नाही. "माझा मुलगा सुजित. डावखुरा. मोठ्या पोरांनी त्याला खेळताना बघितलाय. आमी सगळ्यांना सांगितलं, त्याला अटॅक आला. माझ्या पोराला अटॅक आला नव्हता. तो स्वतःहून गेला. इंग्लिशमध्ये त्याला सहा मार्क कमी पडले, बाकी सगळ्यात पास होता. मी ह्याच माइकवर त्याला शून्यावर आऊट म्हटलं. ते खोटं होतं. तो हसला, मला वाटलं झालं. घरी जाऊन मी त्याला विचारलं नाय, की बाबा, तुला आतून कसं वाटतंय..." इथे ते थांबले. लाउडस्पीकरमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "त्याला विचारलं नाय, म्हनून तुमाला विचारतो. कोनाला असं वाटत असेल की आता नको, त्याने मला फोन करा. मी चेष्टा करनार नाय. तुमच्या घरी सांगायचं तर तुमाला विचारून सांगेन. डॉक्टरकडे जायचं तर बरोबर येईन." आणि मग त्यांनी स्वतःचा फोन नंबर सांगितला. धावफलक सांगायचे तसा, एकेक आकडा सुटा, तीनदा.

टाळी वाजली नाही. मैदानात माणसं होती तिथेच उभी होती, गोलंदाजाच्या हातात चेंडू तसाच. पुढे काय करायचं ते कोणालाच कळेना. मग भाऊच खाली बसले, घोटभर पाणी प्यायले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "गोलंदाज, उभे काय राहिलात, अकरा चेंडूंत चौदा हवेत." आणि उरलेल्या सामन्याची कॉमेंट्री त्यांनी पूर्ण केली. मी पुस्तकांतून थोरामोठ्यांचं धैर्य शिकलेली बाई, परीक्षेत त्यावर निबंधही तपासलेत. धैर्य डोळ्यांनी पाहिलं ते त्या अकरा चेंडूंत. मला रडूही आलं नाही. नुसती बघत राहिले. वाडीच्या कुंपणाशी, स्पीकरचा आवाज पोचेल एवढ्या अंतरावर, मंदावहिनी उभ्या असल्याचं अंकिताने मला नंतर सांगितलं.

गावाने लगेच डोक्यावर घेतलं असं समजू नका. घरातली गोष्ट मैदानात कशाला, असं म्हणणारे भरपूर निघाले. एका मंडळाने पुढच्या स्पर्धेला दुसरा कॉमेंटेटर बोलावला, शुभ कामात नको म्हणून. पण आठ दिवसांनी एक शेजारीण वहिनींच्या पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "आमच्या पुतन्याचं पन अटॅक नव्हतं." वहिनींनी तिला पाणी दिलं. दोघी बसून राहिल्या. आणि भाऊंचा तो बटणांचा जुना फोन वाजायला लागला. आधी नुसते मिस्ड कॉल. भाऊ उलट फोन करायचे आणि म्हणायचे, "बोल रे, मी एकटाच हाय, वाडीत बसलोय."

एकदा मी तिथे असताना तुळिंजचा एक मुलगा आला होता. कॉलेज सुटलेलं, नोकरी लागेना, घरी बोलणी. तो इकडचं तिकडचं बोलत होता, मी आपली त्याला स्पर्धा परीक्षांची माहिती देत होते. भाऊ केळीचं वाळलं पान काढत होते. तसेच वळले आणि, चहा घेणार का विचारावं तसं, विचारलं, "मरावंसं वाटतं का रे?"  मुलगा खाली बघत म्हणाला, "हो." भाऊ त्याच्या शेजारी येऊन मातीत बसले. पुढे तासभर ते काय म्हणाले असतील असं वाटतं तुम्हाला? "मग?" आणि "अच्छा." एवढंच. त्यानंतर ते, अंकिता आणि तो मुलगा रिक्षात बसून दवाखान्यात गेले, आणि पुढचे कितीतरी मंगळवार भाऊ त्याच्याबरोबर जात राहिले. तो मुलगा आता एका औषधाच्या दुकानात कामाला आहे. भाऊंच्या तिरडीला त्याने खांदा दिला.

कॉमेंट्री त्यांनी सोडली नाही आणि चेष्टाही सोडली नाही. फक्त एक नवीन सुरू केलं. ज्याच्या हातून झेल सुटला, ज्याच्यामुळे मॅच गेली, त्या पोराला ते मंडपात बोलवायचे, शेजारची खुर्ची द्यायचे आणि माइकवर जाहीर करायचे, "पुढच्या सामन्यात समालोचनाला माझ्याबरोबर आहेत..." त्या खुर्चीवर बसायला मिळावं म्हणून पोरं मुद्दाम झेल सोडतात, अशी तक्रार मंडळांकडून आली होती. भाऊ म्हणाले, सोडू देत.

गेल्या रविवारी मी आणि अंकिता त्यांच्या घरी गेलो. अंकिता आता समाजकार्याचं शिक्षण घेते. गेलो होतो एका कामासाठी. भाऊंच्या नंबरवर अजून फोन येतात, ज्यांना ते गेल्याचं माहीत नाही अशा मुलांचे. वहिनी त्यावर बोलत नव्हत्या, उचलून नुसता आवाज ऐकायच्या आणि अंकिताला कळवायच्या. म्हणून ताईंनी आणि आमच्या मुलांनी मिळून असं ठरवलं होतं की तो फोन आपणच घेऊन यायचा, आळीपाळीने सांभाळायचा. वहिनींना ते पटलं होतं. त्यांनी फोन चार्जरवरून काढला, पदराने पुसला, चार्जरची वायर गुंडाळून त्याला रबर लावलं. म्हणाल्या, "रोज चार्ज करत होते. कोनासाठी करत होते, देव जाने." त्यांनी तो अंकिताच्या हातात दिला, आणि तेवढ्यात तो वाजला.

अंकिताने बटण दाबलं नाही. तिने वहिनींकडे पाहिलं आणि फोन तसाच, वाजता, तळहातावर धरून ठेवला. मला वाटलं, घे ना गं पोरी, तुटेल... पण ह्या मुलीला थांबता येतं, ते मला कधी आलं नाही. पाचव्या का सहाव्या रिंगला वहिनींनी हात पुढे केला आणि फोन परत घेतला. कानाला लावला. पलीकडून कोणी मुलगा बोलत असावा, भाऊ आहेत का म्हणून विचारत असावा. वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या.

"भाऊ नाय रे बाळा, ते गेले," त्या म्हणाल्या. पलीकडे एकदम शांत झालं असावं, कारण त्यांनी घाईने फोन दुसऱ्या कानाला घेतला. "ठेवू नको. ठेवू नको फोन. मी सुजितची आई बोलते... बोल तू. मी ऐकते."